जुन्या बिअर-पेल्यांवरील ब्रुअऱ्यांची बोधचिन्हे : ओळख आणि कालनिश्चिती
(ब्रिटिश पेल्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपल्यासमोर प्रामुख्याने शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरे उभी राहतात. रोजच्या वापरातील भांडीकुंडी हेही एक साधन आहे, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. वास्तविक महाराष्ट्रातील कोणत्याही घराला हे साधन अपरिचित नाही. लग्नामुंजीत आलेल्या तांब्याभांड्यांवर नाव घालण्याची आपली रीत आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या त्या एका ओळीत देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि पुष्कळदा तारीखही मिळते. पन्नास वर्षांनंतर माळ्यावरून काढलेला पितळी डबा आपली कुळकथा स्वतःच सांगतो.

युरोपातील पबमध्ये वापरल्या गेलेल्या बिअरच्या जुन्या काचपेल्यांची गोष्ट नेमकी इथेच वेगळी होते. या पेल्यांवर ब्रुअरीचे बोधचिन्ह असते, क्वचित नावही असते. तारीख मात्र जवळजवळ कधीच नसते. त्यामुळे चिन्हालाच तारीख समजण्याचा मोह संग्राहकांना, विक्रेत्यांना आणि कधी कधी लहान संग्रहालयांनाही होतो. लाल त्रिकोण दिसला की 'व्हिक्टोरियाकालीन' अशी चिठ्ठी चिकटते. या चिठ्ठीचा परिणाम किमतीपुरता मर्यादित राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील असंख्य गावांच्या ब्रुअऱ्या बंद झाल्या. त्यांच्या इमारती पाडल्या गेल्या आणि कागदपत्रे विखुरली. अशा ठिकाणी कारखान्याचे नाव कोणत्या काळी कोणत्या रूपात प्रचलित होते, याचा हाती लागणारा पुरावा पुष्कळदा एखादा पेला, एखादी बाटली किंवा आरसा एवढाच उरतो. तो चुकीचा वाचला गेला तर दुरुस्त करण्यासाठी दुसरे साधन सहसा हाती नसते.

प्रस्तुत लेखात अशा पेल्यांवरील बोधचिन्हे कशी ओळखावीत आणि त्यांच्या आधारे काळ कसा ठरवावा, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय पेल्याचा आहे, पेयाचा नाही, हे महाविद्यालयीन नियतकालिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नकोच.

व्यापारचिन्हाचा कायदा आणि बासचा त्रिकोण

इंग्लंडमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणीस प्रारंभ झाला. नोंदवहीतील पहिला क्रमांक बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील बास या ब्रुअरीच्या त्रिकोणाला मिळाला. पेल एल या फिकट बिअरच्या लेबलावरील हा त्रिकोण लाल रंगात वापरला जाई. दुसरा क्रमांकही बासचाच, समभुज चौकोनाच्या आकाराच्या चिन्हाचा होता. कंपनीचा नोकर आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दाराशी बसून होता, अशी कथा याविषयी सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, पहिल्या क्रमांकाविषयी शंका नाही. एदुआर मानेच्या १८८२ च्या 'फोली-बेर्जेरमधील बार' या चित्रात गुत्त्याच्या फळीवर शॅम्पेनच्या बाटल्यांसोबत लाल त्रिकोणाच्या बाटल्या दिसतात. नोंदणीनंतर अवघ्या सहा वर्षांत हे चिन्ह पॅरिसच्या प्रेक्षकालाही अक्षरे न वाचता ओळखता येत होते, असा याचा अर्थ होतो.

चिन्ह ओळखण्यासाठी अक्षरज्ञान लागत नाही, हाच त्याचा मूळ उपयोग होय. बर्टनची बिअर समुद्रमार्गे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे येत असे. 'इंडिया पेल एल' हे नाव त्याच व्यापाराची खूण आहे. लष्करी छावण्या आणि क्लब यांच्यासाठी येणाऱ्या या मालात बास आणि तिची बर्टनमधील प्रतिस्पर्धी ऑलसॉप यांचा वाटा मोठा होता. ऑलसॉपचे चिन्ह लाल पंजा असे होते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या क्लबच्या सामानात परदेशी पेला आढळला तर त्याची पार्श्वभूमी या व्यापारात, नाही तर त्यानंतरच्या प्रवाशांच्या सामानात शोधावी लागते.

तथापि त्रिकोण १८७६ मध्ये नोंदला गेला, म्हणून त्रिकोण असलेला पेला १८७६ च्या सुमाराचा ठरत नाही. ते चिन्ह आजही वापरात आहे. नोंदणीचे वर्ष फार तर एक खालची मर्यादा सुचवते, आणि तीही पूर्णतः भरवशाची नसते, कारण नोंदणीपूर्वीही चिन्हे प्रचारात होती. ज्या चिन्हाचे आयुष्य दीडशे वर्षांचे, त्याने कालनिश्चितीत दिलेली मदत त्या मानाने अल्पच म्हणावी लागेल.

याउलट गिनेसची वीणा पाहा. डब्लिनच्या सेंट जेम्स गेट येथे १७५९ पासून चालत आलेल्या या ब्रुअरीने १८६२ मध्ये वीणेचे चिन्ह स्वीकारले आणि १८७६ मध्ये त्याची नोंदणी केली. ट्रिनिटी महाविद्यालयात जतन केलेली प्राचीन आयरिश वीणा हा या चिन्हाचा आदर्श होता. पुढे १९२२ मध्ये आयरिश स्वतंत्र राज्य स्थापन झाले. त्यालाही राजचिन्ह म्हणून वीणाच हवी होती, परंतु ती आधीच एका बिअर कारखान्याच्या नावे नोंदलेली! अखेर राज्याने वीणेची दिशा उलट केली. गिनेसच्या वीणेची सरळ बाजू डावीकडे असते, तर शासकीय वीणेची उजवीकडे. एखाद्या राष्ट्राने आपले राजचिन्ह कारखानदाराच्या चिन्हाशी गोंधळ होऊ नये अशा बेताने वळवावे, हे उदाहरण व्यापारी चिन्हांच्या इतिहासात विरळाच म्हटले पाहिजे. पेल्यावरील वीणा पाहताना प्रथम दिशा पाहावी. त्यानंतर तारा मोजाव्यात. गिनेसच्या वीणेचे रेखाटन वेळोवेळी बदलले आणि बदलत्या आवृत्त्यांत तारांची संख्या कमी होत गेली. बारीक, पुष्कळ तारांची वीणा जुनी आणि मोजक्या, ठसठशीत तारांची वीणा अलीकडची, एवढा स्थूल निकष त्यामुळे हाती लागतो. २००५ आणि २०१६ मधील आवृत्त्या तर शेजारी शेजारी ठेवल्यास नुसत्या नजरेनेही वेगळ्या कळतात.

विलीनीकरणे आणि नामरूपे

ब्रिटनमधील पब पुष्कळदा ब्रुअरीच्याच मालकीचे असत आणि तेथे त्याच ब्रुअरीची बिअर विकण्याचे बंधन असे. साहजिकच दारावरची पाटी, भिंतीवरचा आरसा आणि हातातला पेला या सर्वांवर एकच चिन्ह असे. ब्रुअरी विकली गेली की पाटी बदले, पण पेले फुटेपर्यंत वापरात राहत. अभ्यासकाच्या दृष्टीने हा विलंब फार मोलाचा आहे.

१९५५ ते १९७२ या काळात ब्रिटनमधील बिअर-व्यवसायाची पुनर्रचना झाली आणि त्यातून 'सहा बड्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. कालनिश्चितीसाठी याच काळातील जोडनावे सर्वांत उपयोगी पडतात. लंडनच्या करेज या ब्रुअरीचे उदाहरण यासाठी आदर्श ठरावे. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या या ब्रुअरीचे चिन्ह कोंबडा. १९५५ मध्ये ती बार्कले पर्किन्सशी एकत्र आली आणि कंपनी 'करेज अँड बार्कले' झाली. १९६० मध्ये रीडिंग येथील सायमंड्सशी विलीनीकरण होऊन 'करेज, बार्कले अँड सायमंड्स' असे लांबलचक नाव पडले. १९७० मध्ये ते पुन्हा केवळ 'करेज' झाले. १९७२ मध्ये ही कंपनी एका तंबाखू-उद्योगाने विकत घेतली. कोंबडा या सर्व स्थित्यंतरांतून सुखरूप बाहेर पडला, त्यामुळे कोंबड्याला तारीख विचारून उपयोग नाही. खाली नाव कोणते लिहिले आहे, ते विचारावे. 'करेज अँड बार्कले' असेल तर १९५५ ते १९६०, तिन्ही नावे असतील तर १९६० ते १९७०. शिलालेखातील बिरुदांवरून राजाच्या कारकिर्दीचा टप्पा ठरविण्याची जी पद्धत आहे, तिच्याहून ही वेगळी नाही.

याच विलीनीकरणात सायमंड्सचे हॉपच्या पानाचे लाल चिन्ह इंग्लंडमधून मागे पडले. ते नष्ट मात्र झाले नाही. सायमंड्सने १९२९ मध्ये माल्टा बेटावरील फार्सन्स या कंपनीशी भागीदारी केली होती. तिची उत्तराधिकारी कंपनी सायमंड्स हे नाव आजही धारण करते आणि तिची 'हॉपलीफ' या नावाची बिअर माल्टात मिळते. म्हणजे मूळ कारखान्याचे नाव इंग्लंडमधून गेले आणि भूमध्य समुद्रातील बेटावर टिकले. हॉपचे पान दिसताच रीडिंगचे नाव घेण्यापूर्वी पेला कोठून आला, याची चौकशी करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

इतर घराण्यांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. चॅरिंग्टनचे चिन्ह टोबी जग, म्हणजे तीन कोनी टोपी घातलेल्या स्थूल माणसाच्या आकाराचा चंबू. मिचेल्स अँड बटलर्सचे चिन्ह झेप घेणारे हरीण. ही दोन्ही घराणी १९६७ मध्ये 'बास चॅरिंग्टन' या छत्राखाली आली. बासने १९२७ मध्येच वर्दिंग्टन ही ब्रुअरी आपल्यात सामावली होती. तिची ओळख ढालीवरून पटते. इंड कूप आणि ऑलसॉप १९३४ मध्ये एक झाले आणि ऑलसॉपचा लाल पंजा इंड कूपकडे गेला. १९६१ मध्ये इंड कूप, लीड्सची टेटली (चिन्ह एकभिंगी चष्मा लावलेला शिकारी) आणि बर्मिंगहॅमची अँसेल्स (चिन्ह खार) यांचा समूह झाला. तो पुढे 'अलाईड ब्रुअरीज' म्हणून ओळखला गेला. अँसेल्सचा कारखाना १९८१ मध्ये आणि टेटलीचा २०११ मध्ये बंद पडला. व्हिटब्रेडने हरिणीच्या मस्तकाचे चिन्ह वापरले. हरीण आणि हरिणीचे मस्तक यांची गल्लत नवख्यांकडून हमखास होते. पूर्ण देह आणि झेप असेल तर बर्मिंगहॅम, केवळ मस्तक असेल तर लंडन, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

वॉटनी या ब्रुअरीचे लाल पिंप यांपेक्षा थोडे निराळे. हे चिन्ह मुळात घराण्यापेक्षा मालाचे. १९३१ मध्ये वॉटनीने निर्जंतुक करून धातूच्या पिंपात भरलेली बिअर आणली, तिचे नाव 'रेड बॅरल'. पुढे या पिंपाला एवढी प्रसिद्धी मिळाली की तेच कंपनीचे चिन्ह होऊन बसले. १९७१ मध्ये कंपनीने बिअरचे नाव नुसते 'रेड' केले. योगायोग असा की, अशाच प्रकारच्या बिअरविरुद्ध आणि मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध ग्राहकांची 'कामरा' ही चळवळ त्याच वर्षी स्थापन झाली. लाल पिंपाचा पेला जपणारे आणि लाल पिंपाला नावे ठेवणारे आज पुष्कळदा एकाच टेबलाशी बसलेले आढळतात!

सिंह, गरुड आणि फावडे

चिन्हातील प्राणी ओळखला म्हणजे कारखाना ओळखला, असे होत नाही. सिंहाचेच पाहू. म्युनिकच्या लोवेनब्रॉय या ब्रुअरीच्या नावातच सिंह आहे. हिमाचलातील कसौली येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडवर्ड डायरने काढलेल्या ब्रुअरीची बिअर 'लायन' याच नावाची होती. श्रीलंकेतही 'लायन' नावाची बिअर आहे. भारतीय पेल्यावर वा बाटलीवर सिंहापेक्षा कंपनीचे नाव अधिक बोलके ठरते. डायर आणि मीकिन यांच्या एकत्रित कंपनीची सूत्रे १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांच्याकडे आली आणि १९६६ मध्ये ती 'मोहन मीकिन' झाली. 'डायर मीकिन' लिहिलेली वस्तू त्यामुळे १९६६ पूर्वीची मानण्यास आधार मिळतो.

गरुडाचीही तीच कथा. पंख पसरलेला काळा गरुड हे लंडनच्या ब्रिक लेन येथील ट्रुमन या ब्रुअरीचे चिन्ह. 'ए' या अक्षरातून झेपावणारा गरुड सेंट लुइसच्या अनहॉयझर-बुशचा. तो १८७२ पासून वापरात आहे. सोनेरी गरुड भारतात मोहन मीकिनच्या बिअरवर दिसतो. ट्रुमनच्या गरुडाबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ब्रिक लेनचा कारखाना १९८९ मध्ये बंद झाला, पण नाव आणि चिन्ह २०१० मध्ये नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणले. मधल्या एकवीस वर्षांत या गरुडाचा नवा पेला निघण्याचे कारण नव्हते. त्यामुळे तो एक तर बराच जुना असतो किंवा अगदीच नवा.

अर्थबोधाच्या दृष्टीने सर्वांत गमतीचे चिन्ह म्युनिकच्या श्पाटेनचे आहे. फावड्यासारखी ती आकृती पाहून मोड आणलेले सातू उलथण्याचे अवजार, असा अर्थ कोणीही लावील. प्रत्यक्षात ब्रुअरीचे नाव तिच्या जुन्या मालकांच्या, श्पाट घराण्याच्या नावावरून आलेले. आणि जर्मन भाषेत श्पाटेन म्हणजे कुदळ-फावड्याचे पाते. हा शब्दश्लेष चित्रात उतरला. सध्याच्या स्वरूपाचे चिन्ह ओटो हुप या वंशचिन्हतज्ज्ञाने १८८४ मध्ये रेखाटले. त्यातील 'जी' आणि 'एस' ही अक्षरे गाब्रिएल सेडलमायर या मालकाच्या नावाची आद्याक्षरे होत. अक्षरे पाहून ब्रुअरीचे नाव शोधू गेल्यास हाती काहीच लागत नाही, कारण ती मालकाची आहेत.

शासकीय शिक्का : खरा साक्षीदार

आतापर्यंत ज्याचा विचार केला ते ब्रुअरीने स्वतःविषयी सांगितलेले होते. पेल्यावर शासनाने लिहिलेली एक ओळही असते आणि कालनिश्चितीत तिचे वजन अधिक आहे. आपल्याकडे वाण्याच्या वजनमापांवर निरीक्षकाचा शिक्का असतो, त्याच जातीचा हा शिक्का होय. पबमध्ये सुटी बिअर पाइंट वा अर्धा पाइंट या मापाने विकली जाते (एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर), म्हणून पेला हेच माप ठरते, आणि माप म्हटले की पडताळणी आली.

१८७८ च्या वजनमापे कायद्यानंतर ब्रिटनमध्ये मुकुट आणि त्याखाली क्रमांक अशी एकसारखी पद्धत रूढ झाली. क्रमांक पडताळणी करणाऱ्या स्थानिक शासनसंस्थेचा असे. येथे एक मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. क्रमांकावरून ब्रुअरीचे गाव कळते असे अनेक विक्रेते सांगतात. पेले मोठ्या संख्येने काचकारखान्यातच तपासले जात असल्यामुळे तो क्रमांक सामान्यतः काचकारखान्याच्या प्रदेशाचा असतो. सेंट हेलेन्स येथील रेव्हनहेड या कारखान्याने देशभरच्या ब्रुअऱ्यांना पेले पुरवले. तो २००१ मध्ये बंद झाला. लंडनच्या ब्रुअरीचे चिन्ह आणि उत्तर इंग्लंडचा क्रमांक एकाच पेल्यावर आढळणे म्हणूनच अगदी स्वाभाविक आहे. त्यात बनावटीचा संशय घेण्याचे कारण नाही.

जुन्या शिक्क्यांत मुकुटासोबत राज्यकर्त्याची आद्याक्षरे असतात. 'व्ही. आर.' म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. 'ई. आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. 'जी. आर.' मात्र फसवे आहे. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ आणि सहावा जॉर्ज १९३६ ते १९५२ या दोघांनाही तीच अक्षरे लागू पडतात. मध्ये आठव्या एडवर्डची काही महिन्यांची कारकीर्द सोडली तर हा सलग बेचाळीस वर्षांचा पट्टा होतो. केवळ 'जी. आर.' पाहून दोन महायुद्धांपैकी कोणत्या युद्धाअगोदरचा पेला, हे ठरविणे शक्य नाही. त्यासाठी आकार, छपाई आणि नावाचे रूप यांची साक्ष काढावीच लागते. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळातील पेल्यांवर पुष्कळदा नुसता मुकुट आणि क्रमांक आढळतो.

मुकुटाची ही परंपरा २००६ मध्ये खंडित झाली. मापन-उपकरणांविषयीचा युरोपीय निर्देश ३० ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि मुकुटाची जागा 'सीई' या खुणेने घेतली. तिच्या शेजारी चौकटीत 'एम' हे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात. 'एम' पुढे १२ असेल तर पेला २०१२ चा. दीडशे वर्षांच्या अनुमानांनंतर पेल्यावर प्रथमच स्पष्ट वर्ष आले, पण ते संग्राहकाला नको असलेल्या काळात! ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ मध्ये, पेल्यांवर मुकुट पुन्हा छापू देण्याचा निर्णय तेथील शासनाने जाहीर केला. तेव्हा आता नुसता मुकुट पाहून '२००६ पूर्वीचा' असे म्हणतानाही खालचा क्रमांक आणि सोबतच्या इतर खुणा पाहणे भाग आहे.

जर्मनीत हेच काम भरणरेषा करते. पेल्याच्या बाजूवर आडवी रेषा, तिच्याजवळ लिटरमधील माप आणि सोबत निर्मात्याची खूण, अशी तेथील रचना आहे. ही निर्मात्याची खूण नवख्यांना ब्रुअरीचे चिन्ह वाटते, एवढेच येथे नमूद करून पुढे जाणे इष्ट.

छपाई, आकार आणि झीज

चिन्ह काचेवर कसे उतरवले आहे, हे भिंगाखाली पाहिल्यास बऱ्याच शंका मिटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पेल्यांवर आम्लाने कोरलेली चिन्हे आढळतात. काचेवर मेणासारखा थर देऊन आकृतीपुरता भाग उघडा ठेवीत आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाने तो भाग खाऊ देत. अशी आकृती पांढुरकी, धूसर आणि बोटाला किंचित खरखरीत लागते. अमेरिकेतील दारूबंदीपूर्वीचे, म्हणजे १९२० पूर्वीचे, पातळ भिंतींचे पेले बहुतांशी याच पद्धतीचे आहेत. तेथे १९३३ अखेर बंदी उठली तेव्हा अनेक ब्रुअऱ्या पुन्हा उघडल्याच नाहीत, त्यामुळे त्यांच्या चिन्हांना आपोआप वरची मर्यादा मिळाली आहे. रंगीत मीन्याची छपाई करून पेला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजण्याची पद्धत १९३० नंतरच्या काळात सर्वत्र पसरली. तीन-चार रंगांचे झळझळीत चिन्ह असलेला पेला व्हिक्टोरियाच्या काळात नेण्याआधी दहादा विचार करावा. जुन्या लाल-पिवळ्या मीन्यात शिसे आणि कॅडमियम असण्याचा संभव असल्याने असे पेले कपाटात ठेवणेच योग्य. त्यांतून पाणीदेखील पिऊ नये.

आकाराविषयी एकच गोष्ट सांगतो. काठाच्या थोडे खाली फुगवटा असलेला 'नॉनिक' पेला अमेरिकेत १९१४ च्या सुमारास ह्यूगो पिकने आणला. एकात एक रचल्यावर काठ टवकू नयेत, हा त्या फुगवट्याचा हेतू आणि नावही त्यावरूनच पडले. ब्रिटनच्या पबमध्ये तो रुजला दुसऱ्या महायुद्धानंतर. नॉनिक आकार आणि 'सन १९०० चा' ही जोडी म्हणूनच संभवत नाही.

एका कल्पित पेल्याची तपासणी करून पाहू. समजा, पेला नॉनिक आकाराचा आहे, त्यावर मीन्याने छापलेला कोंबडा आहे, खाली 'करेज, बार्कले अँड सायमंड्स' असे नाव आहे आणि काठाजवळ मुकुट व क्रमांक आहे. कोंबडा १७८७ च्या घराण्याकडे बोट दाखवतो, पण काळाविषयी मौन पाळतो. मीना १९३० च्या पुढे आणतो, आकार युद्धोत्तर काळात आणि मुकुट २००६ च्या अलीकडे येऊ देत नाही. नाव मात्र एका झटक्यात १९६० ते १९७० ही दहा वर्षे हाती देते. ही दहा वर्षे पेल्याच्या निर्मितीची, वापराची नव्हेत. आता तोच पेला, तेच नाव, परंतु काठाजवळ 'सीई' आणि 'एम १४' असे असेल, तर तो २०१४ मधील स्मरणपेला आहे, हे उघड आहे. अशा वेळी चिन्ह आणि शिक्का यांच्यात विरोध आला की शिक्क्याचे ऐकावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ब्रुअरीला आपले वय वाढवून सांगण्यात हित असते, मापनिरीक्षकाला नसते.

शिक्काच नसेल तर प्रश्न अवघड होतो. जाहिरातीचे, भेटीचे आणि घरगुती वापराचे पेले तपासणीला गेलेच नाहीत. तेथे झीज पाहावी. खऱ्या वापरातील पेल्याच्या तळाच्या कडेवर असंख्य बारीक ओरखडे वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतात. सँडपेपरने घासून आणलेल्या जुनेपणात ते एकाच दिशेचे दिसतात. सोनेरी कड ओठ लागण्याच्या ठिकाणी आधी विरते. चिन्हाची छपाई हाताच्या पकडीच्या जागी मंद होते. काठ तेवढा कोरा करकरीत आणि चिन्ह तेवढे फिकट, अशी वस्तू समोर आली तर किंमत विचारण्याआधी भिंग मागावे.

तुलनेसाठी नमुने कोठे पाहावेत, हा प्रश्न आता अधिक बिकट झाला आहे. बर्टन-अपॉन-ट्रेंट येथे बासच्या जुन्या आवारात उभे असलेले राष्ट्रीय ब्रुअरी केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. ज्या कंपनीचा त्रिकोण नोंदवहीत पहिला, तिने आपल्या ब्रुअऱ्या २००० मध्ये विकल्या, नाव बदलले आणि तिचा वारसा आज इंटरकॉन्टिनेन्टल या हॉटेल-उद्योगाकडे आहे. व्हिटब्रेडनेही २००० मध्येच ब्रुअऱ्या विकल्या आणि तीही आता हॉटेले चालवते. हरिणीच्या मस्तकाचा पेला तिच्या हॉटेलात मिळणार नाही. तो मिळेल एखाद्या गावच्या जुन्या बाजारात, खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. विक्रेत्याने कागद जुना म्हणून टाकून देण्यापूर्वी त्यावरची तारीखही वाचून घ्यावी.